थ्री-मंथ कोर्स की थ्री मंथ्स कोर्स? कालावधी सांगणारी इंग्रजी विशेषणं नेमकी कशी वापरायची?

तुमचा प्रश्न असा आहे: नोकरीच्या अर्जात तुम्ही ‘थ्री मंथ्स कोर्स’ आणि ‘टेम्पररी एक्स्पिरियन्स’ असं लिहिलंत. दोन्हींखाली कुणीतरी लाल रेघ मारून दिली, पण कारण सांगितलं नाही. मी दादरला संध्याकाळच्या वर्गात नोकरदारांना इंग्रजी शिकवते आणि या दोन्ही चुका मला जवळपास प्रत्येक अर्जात दिसतात. लिहिणारा हुशारच असतो. फक्त तो मराठीची सवय घेऊन लिहीत असतो.

आपण ‘पाच दिवसांचा गणपती’ म्हणतो. ‘दिवसांचा’ हे अनेकवचन, म्हणून इंग्रजी लिहिताना हातातून सहज ‘फाइव्ह डेज गणपती’ उतरतं. इंग्रजीत मात्र आकडा आणि काळाचा शब्द एकत्र येऊन पुढच्या नामाचं विशेषण झाले, की काळाचा शब्द एकवचनात राहतो आणि मध्ये हायफन येतो: फाइव्ह-डे. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ‘फाइव्ह-डे मॅच’, ‘फिफ्टी-ओव्हर मॅच’ आपण लहानपणापासून ऐकतो, तोच हा नियम. तसंच ‘अ थ्री-मंथ कोर्स’. तेच शब्द नामानंतर आले की हायफन जातो आणि अनेकवचन परत येतं. रविवारचा रेल्वेचा मेगाब्लॉक ‘अ फाइव्ह-अवर ब्लॉक’ असतो, पण वाक्य फिरवलं तर ‘द ब्लॉक विल लास्ट फाइव्ह अवर्स’.

आता खरी अडचणीची जागा. ‘दोन वर्षांचा अनुभव’ याला ‘टू-इयर एक्स्पिरियन्स’ लिहू नका. अनुभव, रजा, नोटिस, पगार (‘पे’) या अर्थांचे इंग्रजी शब्द सहसा मोजता येत नाहीत, त्यांच्याआधी ‘अ’ लागत नाही. अशा नामाआधी काळाचा शब्द षष्ठीत (‘चा-ची-चे’च्या रूपात) जातो: ‘टू इयर्स’ एक्स्पिरियन्स’ (two years’ experience). इथे अपॉस्ट्रॉफी ‘एस’च्या नंतर, कारण वर्षं दोन आहेत. एकच महिना असेल तर ‘वन मंथ्स नोटिस’मध्ये (one month’s notice) तो ‘एस’च्या आधी येतो. पण ‘नोटिस पीरियड’ म्हणालात तर पीरियड मोजता येतो, मग ‘अ वन-मंथ नोटिस पीरियड’. म्हणजे ‘अ’ लावून बघायचा. लागला तर हायफन, नाही लागला तर अपॉस्ट्रॉफी. अर्जातली बहुतेक वाक्यं एवढ्यावर निभावतात.

‘टेम्पररी एक्स्पिरियन्स’ची गोष्ट वेगळी आहे. तिथे व्याकरण ठीक आहे, पण विशेषण चुकीच्या नामाला लागलंय. नोकरी तात्पुरती होती, अनुभव तुमच्याकडे कायमचा आहे. आणि ‘टेम्पररी’बद्दल एक गोष्ट पक्की समजून घ्या, म्हणजे बाकीची विशेषणंही सोपी होतील. तो शब्द किती काळ ते सांगतच नाही. ही व्यवस्था कायम ठेवायची नाही, एवढाच सुरुवातीचा इरादा तो सांगतो. मुंबईतल्या संक्रमण शिबिरांत, म्हणजे पक्कं घर मिळेपर्यंत राहायला दिलेल्या घरांत, काही कुटुंबांच्या दोन पिढ्या गेल्या. तरी त्या घरांना इंग्रजीत ‘टेम्पररी अकोमोडेशन’ म्हणणं भाषेच्या दृष्टीने बरोबरच आहे. अन्याय शब्दाने केलेला नाही, इरादा पाळला गेला नाही हा अन्याय आहे.

म्हणून विशेषण निवडताना मी वर्गात एकच प्रश्न विचारायला लावते: शेवट कुणाला माहीत आहे, आणि कधीपासून?

शेवट आधीच ठरलेला असेल तर ‘शॉर्ट-टर्म’ किंवा ‘फिक्स्ड-टर्म’: कर्ज, करार, योजना. शेवट होऊन गेल्यावरच कळला असेल तर ‘शॉर्ट-लिव्ह्ड’. यात ‘जास्त टिकायला हवं होतं’ अशी खंत असते. युती, सरकार, आनंद यांना तो शोभतो. स्वतःच्या नोकरीला मात्र हा शब्द लावू नका, वाचणाऱ्याला वाटेल काहीतरी बिनसलं होतं. ‘ब्रीफ’मध्ये असा कुठलाच सूर नाही. थोडा वेळ चाललं, बस. ‘इंटरिम’ म्हणजे दोन पक्क्या गोष्टींच्या मधलं, उच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश असतो तसं. ‘प्रोव्हिजनल’ म्हणजे पक्कं हातात येईपर्यंत ग्राह्य, जसं पदवीचं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट.

आणि शेवट कुणालाच माहीत नसेल तर ‘इनडेफिनिट’. या शब्दाचा अर्थ ‘कायमचा’ असा अनेकजण धरतात, तो नाही. आपल्याकडे त्याला नेमका जोड आहे: बेमुदत. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांपैकी कुणीही ‘आपण परत कधीच जाणार नाही’ असं मनात धरून बाहेर पडलं नव्हतं. तारीख ठरलेली नव्हती, इतकंच. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. अनेक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत, लालबाग-परळचं सगळं जगणं पालटलं. ‘इनडेफिनिट’ सुरुवातीच्या दिवसाबद्दल बोलतो. पुढे काय झालं ते सांगायला ‘प्रोलाँग्ड’ किंवा ‘प्रोट्रॅक्टेड’ हवा, कारण हे शब्द अपेक्षेपेक्षा लांबलेल्या गोष्टीबद्दल बोलतात. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. बातम्यांच्या इंग्रजीत तो पुसट झालेला दिसला की वाईट वाटतं.

‘लाँग’ची तीन भावंडंही अशीच वेगवेगळ्या दिशांना बघतात. ‘लाँग-टर्म’ बहुतेक वेळा पुढे बघतो: योजना, गुंतवणूक. ‘लाँग-स्टँडिंग’ मागे बघतो, पूर्वीपासून आहे आणि अजून चालू आहे: जुनी मागणी, जुनं वैर, जुनी मैत्री. ‘लाँग-लास्टिंग’ टिकाऊपणाबद्दल: रंग, बॅटरी, परिणाम. चाळीच्या दुरुस्तीची मागणी ‘लाँग-स्टँडिंग’, त्या भिंतीला दिलेला रंग ‘लाँग-लास्टिंग’. उलट केलंत तर वाचणारा अडखळेल.

पावसाळ्यात उपयोगी पडणारी एक जोडी सांगते. संततधार म्हणजे ‘कंटिन्युअस रेन’, धार तुटत नाही. दिवसभर थांबून थांबून येणाऱ्या सरी म्हणजे ‘कंटिन्युअल शॉवर्स’. ‘पेरेनियल’ला दोन्ही अर्थ आहेत: भूगोलात शिकलेली बारमाही नदी वर्षभर वाहते, तर दादरच्या हिंदमाता भागात पाणी तुंबणं हा ‘पेरेनियल प्रॉब्लेम’ म्हणजे दरवर्षी उद्भवणारा. ‘इफेमरल’, ‘ट्रान्झियंट’ (दोन्ही क्षणभंगुर अशा अर्थाचे) हे देखणे शब्द आहेत, पण अर्जात त्यांचं काम नाही. आणि ‘बायमंथली’ शक्यतो टाळाच: महिन्यातून दोनदा आणि दोन महिन्यांतून एकदा, दोन्ही अर्थांनी तो वापरला जातो. ‘एव्हरी टू मंथ्स’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

तर तुमच्या दोन ओळी अशा करा: ‘आय कम्प्लीटेड अ थ्री-मंथ कोर्स इन अकाउंटिंग. आय हॅव टू इयर्स’ एक्स्पिरियन्स, इन्क्लुडिंग अ सिक्स-मंथ कॉन्ट्रॅक्ट.’ कोर्सचा विषय आणि आकडे तुमचे घाला. कराराची मुदत संपली म्हणून नोकरी संपली असेल, तर ‘फिक्स्ड-टर्म कॉन्ट्रॅक्ट’ असं स्पष्ट लिहा. मग मुलाखतीत ‘का सोडली’ हा प्रश्न बहुधा येणारच नाही.