जीसीएस ३ म्हणजे सगळं संपलं का?

भावाचा जीसीएस, म्हणजे डोळे, बोलणं आणि हालचाल यांवरून शुद्ध मोजायचा आकडा, सगळ्यात कमी ३ निघाला आणि डॉक्टर म्हणाले आता काही उरलं नाही. इतक्या लवकर हे कळतं का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या आकड्यावरून कळत नाही. मी कॅज्युअल्टीत काम करतो आणि याच आकड्यावरून एका सिनियरांशी माझं वाजलं होतं.

पावसाळ्यात पहाटे एका पोराला आणलं. जमिनीवर झोपलेला. रात्री पोटात दुखतंय म्हणाला, मग पापण्या जड झाल्या, मग आवाज गेला. आमच्याकडे पोचला तेव्हा श्वास जेमतेम. डोळे उघडत नाही, १. आवाज नाही, १. भुवईच्या हाडावर दाबलं तरी बोट हलेना, १. बाहुल्या मोठ्या, टॉर्चने आकसत नव्हत्या. सिनियर तिथेच म्हणाले, "ब्रेन गेलाय, आईला सांगून टाका." मी म्हटलं, सर, मण्यार साप चावला असेल. "दंश कुठाय?" अहो, मण्यारीचा दंश बऱ्याचदा दिसतच नाही, सूजही येत नाही. तिचं विष नसेकडून स्नायूला जाणारा निरोप तोडतं. माणूस आत जागा असतो आणि पापणीसुद्धा उचलू शकत नाही. नळी घातली, व्हेंटिलेटर लावला, एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, दिलं. त्याने लकवा लगेच उतरत नाही, दिवस जातात, तोवर श्वास आपण द्यायचा. पोरगा बरा झाला, आणि पलंगाशी कोण काय बोललं ते त्याने आईला सांगितलं.

ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली ही मोजणी मांडली ती शुद्ध वाढतेय की घटतेय हे बघायला, निकाल द्यायला नाही. आधी साखर तपासा, विषबाधा शोधा. ब्रेन डेथ ठरवायला तर आपल्या कायद्यात चार डॉक्टर लागतात आणि किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. केसपेपरवर नुसता '३' लिहिणाऱ्यांचा मला राग येतो.

डोक्याला जबर मार असेल, जीसीएस ३ आणि दोन्ही बाहुल्या निकामी असतील, तर आशा खरंच फार थोडी असते. खोटा धीर मी देणार नाही. पण कारण सापडलं का, आणि झोपेचं किंवा स्नायू शिथिल करणारं इंजेक्शन चालू असताना मोजलं का, हे विचाराच. विचारताना पलंगापासून लांब या.