गळाभोवती फिरणारी शेनील

प्रश्न : भाचा अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात शिकतो, तिथे स्टीलहेड मासे धरतो. त्याच्यासाठी सॅन हुआन वर्म, म्हणजे गांडुळासारखी फ्लाय (गळावर धागे बांधून केलेलं नकली आमिष), मी इथे बांधतो. शेनील, म्हणजे मखमली लव असलेला जाड धागा, गळाच्या दांडीभोवती फिरते, टोकं निमुळती करायला जाळली की काळी पडतात. मऊ रबरी गांडूळ घेतलं तर दोरा ते कापतो. हीच फ्लाय जायकवाडीत चालेल का?
— एक वाचक, पैठण

उत्तर : शेनील फिरते ती दांडी गुळगुळीत असल्यामुळे. आधी गळाच्या डोळ्याच्या (दोरी ओवायच्या छिद्राच्या) मागून गळाच्या वाकापर्यंत लाल ६/० जाडीच्या दोऱ्याचे लागून-लागून वेढे घ्या, त्यावर सुपरग्लूचा बारीक थेंब पसरवा आणि गोंद ओला असतानाच शेनील ठेवा. वाकाजवळ सहा-सात घट्ट वेढे द्या. मग शेनील उचलून दोरा खालून पुढे आणा, डोळ्यामागे पुन्हा तितकेच वेढे देऊन गाठ मारा. मधला भाग मोकळा राहिला तरी चालतो.

गळ मात्र जाड तारेचा, आखूड दांडीचा, ८ किंवा ६ नंबरचाच हवा. स्टीलहेड म्हणजे समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत परतणारा रेनबो ट्राउट. त्याच्या ओढीने बारीक तार उघडते. तिकडे बऱ्याच नद्यांवर बिनकाट्याचा गळ लागतो, म्हणून गळाच्या टोकामागचा उलटा काटा फ्लाय बांधण्याआधीच पक्कडीने दाबा. दाबताना गळ मोडला तर निदान बांधलेली फ्लाय वाया जात नाही. वजनासाठी ३ मिलिमीटरच्या आसपासचा टंगस्टन मणी घ्या. तोही आधीच, टोकाकडून ओवायचा.

लांबीत पुष्कळ जण चुकतात. शेनील ७ सेंटिमीटर पुरे : मागे अडीच, पुढे दोनच्या आत. शेपूट त्याहून लांब ठेवली तर ती वाकाला गुंडाळते, शिवाय मासा शेपूटच चावून सोडतो आणि गळ तोंडात जातच नाही. गढूळ पाण्यात गुलाबी किंवा लाल, नितळ पाण्यात मातकट तांबडा रंग घ्यावा.

आता काळी टोकं. तुम्ही विणकामाच्या दुकानातली शेनील आणली असावी. तिचा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा. वितळून गोळी झाली तर ती कृत्रिम धाग्याची आहे, कामाची. राख झाली तर सुती किंवा व्हिस्कोसची, तिला टोक येणारच नाही. कृत्रिम शेनीलसुद्धा ज्योतीत घालू नका. ज्योतीच्या बाजूला धरून फिरवत राहा. तंतू आक्रसले की लगेच बाजूला घ्या. पंखा बंद ठेवा.

रबरी गांडुळाला गोल पिळाचा दोरा सुरीसारखा लागतो. बॉबिन (दोऱ्याची रीळ धरणारं हत्यार) उलटी फिरवून दोऱ्याचा पीळ काढा, तो चपटा करा आणि पहिले दोन वेढे सैल ठेवा. रबरावर सुपरग्लू लावू नका. या फ्लाय वेगळ्या डबीत ठेवा, उन्हात तापलेल्या गाडीत तर मुळीच नको. रबर चिकट होऊन एकमेकांना धरतं. स्टीलहेडसाठी आमचं मत शेनीलच्याच बाजूने आहे. ती जास्त टिकते.

जायकवाडीचं म्हणाल तर मृगळ आणि कॉमन कार्प तळाशी चरतात, त्यामुळे फ्लाय तळालगत सावकाश ओढली तर उपयोगी पडू शकते. वरच्या थरात खाणाऱ्या कटल्यासाठी ती नव्हे. जलाशय पक्षी अभयारण्यात मोडतो, म्हणून गळ टाकण्याआधी परवानगीची चौकशी करा.