वाचकांचे प्रश्न : जैसलमेर, हाती एकच दिवस

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत आम्ही पती-पत्नी आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई राजस्थानला जात आहोत. जैसलमेरसाठी एकच दिवस आहे. सारा जन्म समुद्राकाठी गेल्यामुळे वाळवंटाची ओढ आहे. पण किल्ला, हवेल्या, मांगणियार या लोकगायकांचे गाणे आणि जमल्यास माळढोकही पाहायचा आहे. हे सारे बसेल काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : माळढोक सोडल्यास बसेल. त्याचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरांचे आहे आणि पक्षी इतका दुर्मीळ झाला आहे, की त्याच्यामागे लागल्यास दिवस नुसते गवत न्याहाळण्यात सरेल.

आपण समुद्र सोडून निघाला आहात खरे, पण तो तिथेही भेटेल. सकाळी प्रथम बाडमेर रस्त्यावरील आकल येथे जावे. शहरापासून ते सुमारे १७ किलोमीटरांवर आहे. तेथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलातील वृक्षांची दगड झालेली खोडे लोखंडी जाळीखाली जपलेली आहेत. ती पाहून शहरात परतावे आणि पटवांच्या हवेल्यांपाशी नक्षीपूर्वी दगड पाहावा. हा पिवळा चुनखडक जुरासिक काळात उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला असल्यामुळे, जवळून पाहिल्यास एखाद्या चिऱ्यात शिंपल्यांचे तुकडे दिसतात. दगड मऊ असल्याने कारागिरांनी त्यातून लाकडात कोरावी तशी जाळी काढली. आपला जांभा सच्छिद्र, त्यात असे काम होत नाही. म्हणून आपल्याकडील देवळांत चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर देऊन, तो खरवडून कावी चित्रे काढली गेली. दगडाने कलेला वळण दिल्याचे असे उदाहरण हवेल्यांच्या त्या अरुंद गल्लीत उभे राहिल्यावर चटकन पटते.

११५६ मध्ये रावळ जैसल यांनी वसवलेल्या किल्ल्यात आजही लोक राहतात. चढाची फरसबंदी गुळगुळीत आहे, तेव्हा आईंच्या पायांत न घसरणारी पादत्राणे असावीत. दुपारी त्यांना विश्रांती द्यावी. तीनच्या सुमारास सुमारे ४० किलोमीटरांवरील सम गावाच्या वाळूच्या टेकड्यांकडे निघावे. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. कुलधरा वाटेवरच आहे, पण त्या ओसाड गावाच्या भुताखेतांच्या कथांपायी संध्याकाळचे ऊन दवडू नये.

उंट उठताना आधी मागचे पाय ताठ करतो आणि बसणारा पुढे झुकतो. आईंसाठी उंटगाडीच बरी. तंबूंच्या मुक्कामी ध्वनिवर्धकावर चित्रपटगीते वाजतात, म्हणून कमायचा हे तंतुवाद्य आणि खडताल या लाकडी चिपळ्या वाजवणारे मांगणियार आहेत काय, हे आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे. हमीरा गावच्या साकर खाँ यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, ती या कमायच्याच्या वादनासाठी. या वाद्याच्या पोटावर बकऱ्याचे कातडे ताणलेले असते आणि आवाज किंचित घोगरा येतो. तो नीट ऐकायचा, तर वादकांच्या अगदी समोर बसावे आणि ध्वनिवर्धक बंद ठेवण्याची विनंती करावी.