नाताळच्या ब्लँकेट वाटपाशिवाय चर्चने कोणती सेवा करावी? आणि सेवा करताना सुवार्ता सांगावी का?

तुमचं म्हणणं असं की सत्तरएक घरांचं चर्च आहे, नाशिकमध्येच, दर नाताळला गोदाघाटावर ब्लँकेटं वाटता, आता त्यापलीकडे काहीतरी करायचंय, पैसा फार नाही आणि कमिटीत वाद चाललाय की सेवेबरोबर सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायची की नाही. पहिल्या भागाचं उत्तर कोणीही देईल. दुसऱ्या भागावर मला गप्प बसवत नाही, कारण हाच वाद मी आमच्या चर्चमध्ये घातलाय आणि हरलेय. मतदानात हरलेय, मुद्द्यात नाही.

ब्लँकेटचं आधी उरकते. डिसेंबरात घाटावर ब्लँकेट वाटायला कोण नसतं सांगा? मंडळं असतात, क्लब असतात, कुणाचा तरी वाढदिवस असतो, नगरसेवक होऊ बघणारे असतात. एकेका माणसाला तीन-तीन ब्लँकेटं मिळतात, तो बिचारा ठेवणार कुठे, मग विकतो, आणि मग आपलेच लोक चर्चच्या पायरीवर उभं राहून म्हणतात की बघा, यांना देऊन उपयोग नाही, विकून टाकतात. त्याच माणसाला जुलैत ताडपत्री लागते. गोदेला पूर येऊन पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की घाटावरची सगळी बिऱ्हाडं उचलून वर येतात, त्या रात्री मात्र तिथे एकही सँटाक्लॉज नसतो. वाटायचंच असेल तर तेव्हा वाटा.

आता मुद्द्याचं.

मी सरकारी नोकरीत स्टाफ नर्स होते, आता रिटायर आहे. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही. नर्सिंग केलेल्या कोणालाही हे माहीत असतं की सरकारी दवाखान्यात पेशंटला जेवण मिळतं, नातेवाइकाला मिळत नाही. सुरगाणा, पेठ, कळवणकडून १०८ रात्री पेशंट घेऊन येते, सोबत एक माणूस असतो अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि १०८ आणून सोडते, परत न्यायला येत नाही. तो माणूस मग पॅसेजमध्ये वर्तमानपत्र अंथरून दिवस काढतो. बाहेर जेवायला जावं तर तेवढ्यात डॉक्टर राउंडला येतील ही भीती, आणि खिशात काय असतं तेही आपल्याला माहीतच आहे.

तर आमच्या महिला मंडळातल्या आम्ही चौघी-पाचजणींनी दर गुरुवारी खिचडी न्यायला सुरुवात केली. ठराव नाही, पावतीपुस्तक नाही, काही नाही. पाच किलो तांदूळ, दोन किलो डाळ, पन्नासेक माणसं जेवतात, तेलमीठ घरचं. सुरुवातीला आम्ही अगदी पेशंटची खिचडी करायचो, मऊ, बिनतिखटाची, वर तूप, आणि स्वतःवर खूश. लोक खायचे पण कसे, औषध घेतल्यासारखे. एकदा पेठकडची एक आजी, नातवाला ॲडमिट केलेलं, द्रोण हातात धरून मला म्हणाली, "बाई, आजारी तो हाय, मी न्हाय. मिरची हाय का जरा?" आम्ही सगळ्या हसलो, तीही हसली. पुढच्या गुरुवारी हॉर्लिक्सच्या बरणीत लाल मिरचीचा ठेचा गेला, भरपूर लसूण घालून, आणि त्या दिवशी पातेलं खरवडायला लागलं. तेव्हापासून ठेचा कधी चुकला नाही. तो वाटायचं काम माझ्याकडे, तर रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला हात पुढे केला तरी बोटांना लसणाचा वास यायचा, पाळकसाहेबांच्याही लक्षात आलं असणार, पण माणूस सज्जन, काही बोलले नाहीत.

जेवणाच्या निमित्ताने दुसरी कामं कळली. खिचडीपेक्षा ती जास्त महत्त्वाची होती हे स्पष्ट सांगते. कोणाला एक्स-रे कुठे काढतात ते माहीत नाही. कोणाकडे रेशनकार्ड गावी राहिलंय म्हणून मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेचं अडलंय, योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापर्यंत जायचं धाडस होत नाही, कारण टेबलामागचा माणूस फाडफाड बोलतो. एका बाईला फक्त एवढंच हवं होतं की अर्धा तास तिच्या नवऱ्याच्या कॉटजवळ कोणीतरी बसावं म्हणजे ती अंघोळ करून येईल. आमच्यातल्या एक रिटायर शिक्षिका तेवढंच काम करायच्या, बसायचं. तोंडाने एक शब्द नाही, विणकाम घेऊन बसायच्या. आणि लोक विचारायचेच की तुम्ही कोण, कुठून आलात, का करता. मग सांगायचो की आम्ही ख्रिस्ती आहोत, अमुक चर्चच्या. कोणी म्हणालं माझ्या पोरासाठी प्रार्थना करा, तर करायचो, तिथेच हळू आवाजात. बास.

आता याच्यावर आमच्या सेक्रेटरी साहेबांची नजर गेली. चर्चचा वर्धापनदिन आला होता, कमिटीने "सेवा सप्ताह" काढला. फ्लेक्स आला, त्याच्यावर कमिटीच्या सगळ्यांचे फोटो, टी-शर्ट आले, बाहेरगावचे एक इव्हँजेलिस्ट, म्हणजे सुवार्ता सांगत फिरणारे प्रचारक आले, सुवार्तेच्या पत्रिकांचे गठ्ठे आले. मी मीटिंगमध्ये सांगितलं की दवाखान्याच्या गेटवर हे करू नका, तिथे माणसं अडकलेली आहेत, त्यांना उठून जाता येत नाही, अशा माणसाच्या एका हातात खिचडी आणि दुसऱ्या हातात पत्रिका दिली तर तो नाही कसा म्हणणार? नाही म्हणता येत नसेल तर त्याच्या हो ला काय किंमत? यावर मला उत्तर मिळालं, "सिस्टर, तुम्ही स्वयंपाकाचं बघा, वचनाचं आम्ही बघतो." हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. ठराव पास झाला.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेलच. माइक लागला, वॉचमनने हटकलं, दोन पोरांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला, संध्याकाळपर्यंत तो "दवाखान्यात धर्मांतर" म्हणून फिरत होता. पोलीस स्टेशनला बसून आले सगळे. लेखी काही झालं नाही, समज देऊन सोडलं. इव्हँजेलिस्ट रात्रीच्या गाडीने परत गेले, आणि त्यानंतर आमची गुरुवारची खिचडीही बंद झाली, बरेच महिने, कारण आता चर्चचं नाव घेतलं की सगळेच सावध. नुकसान कोणाचं झालं? सेक्रेटरी साहेबांचं तर नाही झालं.

नंतरच्या मीटिंगमध्ये ते म्हणाले की सुवार्तेसाठी छळ सोसावा लागतो, स्तेफनाला दगडमार झाला. बरं झालं त्यांनीच विषय काढला. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. भांडण कशावरून होतं? रोजच्या वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. त्यावर बारा प्रेषितांनी स्वतःची कमिटी नाही नेमली, मंडळीला सांगितलं तुम्हीच सात माणसं निवडा, आणि त्या सातांची नावं वाचा, सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हातात वाटप दिलं. आमच्याकडे उलटं, खिचडी करणारी एकही बाई त्या सेवा सप्ताहाच्या समितीत नव्हती. आणि त्या सातांतलाच स्तेफन, तो बोलला कधी? वाद घालायला लोक त्याच्याकडे आले, धरून न्यायसभेपुढे नेलं, प्रमुख याजकाने विचारलं या गोष्टी खऱ्या आहेत का, त्यानंतर त्याचं ते मोठं भाषण आहे. विचारल्यावर बोलला. पेत्रही तेच लिहितो, जो कोणी तुमच्या आशेचं कारण विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने. विचारेल त्याला! हे मी तिथे उभं राहून वाचून दाखवलं. कोणी काही बोललं नाही, चहा आला.

मग नेहमीप्रमाणे शरणपूरचा इतिहास निघाला. नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला अडचणीत पकडलं की तो शरणपूरवर येतो, मीही त्यातलीच आहे, आम्हाला त्याचा अभिमान आहेच. १८५०च्या दशकात सीएमएस म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीच्या मिशनऱ्यांनी ही वस्ती उभी केली, गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं इथे वाढली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले तेव्हा त्यांचा देह ज्या माणसांनी महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला त्यात हा नाशिकच्या शाळेतला मुलगा होता, आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाच्या वेळी पेटीला हात लावणाऱ्यांतही होता. शरणपूर रोडवरून रोज गाड्या पळवणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? सेक्रेटरी साहेब म्हणाले, बघा, त्यांनाही सुवार्ता सांगितलीच ना, बाप्तिस्मे दिलेच ना. दिले, खरं आहे. पण त्या पोरांना आधी जेवण, अंथरूण आणि हातात कसब दिलं, वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि सांभाळणारे तिथेच राहत होते. रात्रीच्या गाडीने परत गेले नव्हते.

असो. तुमच्या प्रश्नाचं राहिलंच.

सत्तर घरं म्हणजे कमी नाहीत. टीबीच्या पेशंटचं काम घ्या असं मी सांगेन. २०२२ पासून सरकारची नि-क्षय मित्र योजना आहे, कोणतीही संस्था किंवा एकटा माणूससुद्धा नाव नोंदवून पेशंटला दर महिन्याला पोषणाची टोपली देऊ शकतो, डाळ, तेल, शेंगदाणे, दूध पावडर असं. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. औषध फुकट मिळतं, सरकारचे पोषणाचे महिना १००० रुपयेही खात्यात येतात (आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढवले), पण घरात कमावणारा तोच असेल तर त्यात भागत नाही, आणि जरा बरं वाटलं की माणूस गोळ्या सोडून कामावर जातो. तिथे दर महिन्याला टोपली घेऊन येणारं ओळखीचं माणूस असलं की फरक पडतो, हे मी नोकरीत बघितलंय. पाच पेशंट घ्या, पन्नास नको. महापालिकेच्या दवाखान्यात चौकशी केली तरी पुढचं सांगतात. फक्त एक हात जोडून विनंती, त्या पेशंटांची नावं रविवारी प्रार्थनेत मोठ्याने घेऊ नका. आपल्या लोकांना ही फार वाईट सवय आहे, आजार, नाव, गल्ली सगळं देवाला सांगतात, जसं काही त्याला पत्ता माहीत नाही. कॅथलिक चर्चमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक दोघंदोघं घरभेटीला जातात आणि तिथलं बाहेर बोलत नाहीत, १८३३ पासूनची संस्था आहे ती, त्यांच्याकडून एवढं तरी शिकावं.

दवाखान्याचं करायचं असेल तर आधी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, मग सिस्टर इनचार्जला, लेखी परवानगी घ्या. खिचडीपेक्षा परतीच्या एसटीचं भाडं द्या, ते कोणी देत नाही. रक्तदान घ्यायचं तर नाताळात नको, एप्रिल-मेमध्ये घ्या, कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की रक्ताचा तुटवडा होतो, गुड फ्रायडे बऱ्याचदा त्याच्या आसपासच येतो. पैसे इथल्याच लोकांचे घ्या, परदेशातला कोणी नातेवाईक चर्चच्या नावाने पाठवतो म्हणाला तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी असल्याशिवाय एक रुपया घेऊ नका, चांगल्या मनाची माणसं त्यात अडकतात.

आता दोन गोष्टी, नाहीतर कमेंटमध्ये बोलणी खाईन. मी सुवार्ता सांगण्याच्या विरोधात नाही, माझे आजोबा गावोगाव हार्मोनियम घेऊन रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं गात हिंडायचे, ते मी बघितलंय, ऐकायचं तो थांबायचा, नाही तो पुढे जायचा. तुमच्या कमिटीतले लोक आमच्यासारखे असतीलच असंही नाही. आणि आमचे सेक्रेटरी साहेब मनाने वाईट नाहीत, लॉकडाऊनमध्ये स्वतःच्या गाडीतून लोकांचे सिलिंडर पोचवलेत त्यांनी. पण ते एक वाक्य त्यांनी अजून मागे घेतलेलं नाही.

खिचडी आता परत चालू आहे. चर्चच्या नावाने नाही, आमच्या चौघींच्या नावाने, आणि आमच्या बिल्डिंगमधल्या दोन हिंदू शेजारणीही येतात, त्यातली एक ठेचा माझ्यापेक्षा चांगला करते. लोक अजूनही विचारतात तुम्ही कोण, आणि ती शेजारीण माझ्या आधी सांगून मोकळी होते की या चर्चच्या बाई आहेत. वर्धापनदिन परत जवळ आलाय आणि कमिटीकडून निरोप आलाय की गुरुवारचे काही फोटो अहवालात टाकायला द्या. फोटो आमच्याकडे नाहीत, तसं कळवलंय.