पंप बदलण्याआधी नळी काढून बघा

पावसाळा तोंडावर आला की या सदराच्या टपालात काचेवरच्या पाण्याचे प्रश्न वाढतात. काचेवर पाणी उडवणाऱ्या, स्टिअरिंगजवळच्या दांडीकडे वर्षभर कोणी ढुंकून बघत नाही. मग वळवाचा पहिला शिंतोडा पडतो, पुढच्या ट्रकच्या चाकांमागून चिखल उडून काच माखते, आपण दांडी ओढतो आणि काचेच्या बुडाशी दोन अश्रू टपकतात. यंदाच्या पत्रांतले काही प्रश्न घेतो.

लातूर : माझी हॅचबॅक सात वर्षांची आहे. आधी काचेवर पाणी झकास उडायचं, आता बोनेटवरच ओघळतं. मेकॅनिक म्हणतो, मोटर गेली, बदलावी लागेल. दांडी ओढल्यावर आवाज मात्र येतो. टाकीत बोअरचं पाणी भरतो.

आवाज येतोय ना, मग मोटरला तूर्त निर्दोष धरा. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे.

पाण्याचा प्रवास अगदी साधा असतो. टाकीच्या बुडाशी ग्रोमेटमध्ये, म्हणजे रबरी कड्यात, बसवलेला छोटा पंप (तुमचा मेकॅनिक म्हणतो ती मोटर यातलीच), त्यातून निघणारी बोटाहून बारीक नळी, बोनेटखाली तिला दोन फाटे फोडणारा टी जॉइंट आणि शेवटी काचेवर पाणी उडवणारी दोन नोझल. पाणी कुठपर्यंत जोरात येतं आणि कुठे मरतं एवढंच शोधायचं. बोनेट उघडा, टी जॉइंटच्या अलीकडची नळी हळूच पिळत ओढून काढा आणि तिचं तोंड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरा. घरातल्या कोणालातरी तीन-चार सेकंद दांडी ओढायला सांगा. बाटलीत रिफिलएवढी जाड, ताठ धार पडली तर टाकी, पंप आणि नळी तिन्ही ठीक. दोष पुढे नोझलमध्ये. धार मलूल असेल तर मागे पंपाच्या तोंडाशी जाऊन हाच प्रयोग करा. तिथे धार जोरात असेल तर मधली नळी कुठेतरी दुमडली आहे किंवा आतून शेवाळलीय. तिथेही मलूल असेल तर पंप ग्रोमेटमधून उपसून काढा. खाली बादली ठेवा, कारण टाकीतलं सगळं पाणी बाहेर येणार. बऱ्याच गाड्यांत ग्रोमेटमध्येच प्लास्टिकची छोटी जाळी असते. तिच्यावर हिरवट बुळबुळीत थर दिसला तर जुना टूथब्रश घ्या, पाच मिनिटांचं काम.

एवढं करूनही धार आली नाही तर मल्टीमीटर काढा. पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर जवळपास बॅटरीइतका व्होल्टेज यायला हवा. तो येतोय आणि जाळी साफ असूनही पाणी मलूल, तर पंप खरंच म्हातारा झाला, बदला. आठ-नऊ व्होल्टच येत असतील तर कनेक्टरच्या पिनांवर हिरवं कीट चढलंय किंवा अर्थिंग सैल आहे. नवा पंपही तसाच रडत चालेल. माझ्याच गाडीचा पंप एका गॅरेजने मोठ्या आत्मविश्वासाने बदलला होता. दीड महिन्यात पुन्हा तीच रड. शेवटी दोष निघाला नोझलचा.

तुमच्याकडेही तोच निघेल, असा माझा अंदाज. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. नोझलच्या तोंडाशी प्रत्येक वेळी एखादा थेंब अडकून राहतो. दुपारी बोनेट तापतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. गीझरच्या कॉइलवर चढतो तोच हा पांढरा थर, फक्त इथे भोक मिलिमीटरभराचं, म्हणून ते लवकर बुजतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. म्हणजे पिऊन काही होणार नाही असं पाणीही नोझल बुजवायला पुरतं.

नोझल बोनेटच्या आतून चिमटा दाबून निघतं. नसेल निघत तर झटापट करू नका, जुनं प्लास्टिक कटकन तुटतं. निघालं तर वाटीत पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी घेऊन त्यात तासभर बुडवा. व्हिनेगर नसेल तर स्वयंपाकघरातलं लिंबूसत्व चालेल, ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर. ताज्या लिंबाचा रस नको, त्यातला गर आत अडकतो. मग पाण्याने धुऊन बाहेरच्या तोंडाकडून आत अशी उलटी हवा मारा, म्हणजे कचरा आला तसा परत जाईल. काही नोझलमध्ये झडप असते, तिथे उलटी हवा जाणारच नाही. जोर करू नका. नोझल निघतच नसेल तर सुई काढलेल्या सिरिंजने त्याच्या तोंडात व्हिनेगरचे थेंब सोडा. बोनेटवर सांडलेलं लगेच पाण्याने धुवा.

यापुढे टाकीत आरओचं पाणी भरा. घरातल्या एसीचं नळीतून गळणारं पाणीही चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. फक्त फडक्यातून गाळून घ्या.

पुणे : एकाच बाजूने पाणी येतं. ड्रायव्हरच्या बाजूचं नोझल टाचणीने साफ केलं, तर आता फवारा फुटून दोन वेड्यावाकड्या धारा उडतात.

तुमच्या गाडीत पंख्यासारखा फवारा मारणारं नोझल असणार. त्याच्या आत हलणारा एकही भाग नसतो. आतल्या पोकळीच्या आकारामुळेच धार अतिशय वेगाने डावी-उजवीकडे झुलते आणि आपल्याला पंखा दिसतो. टाचणीने त्या पोकळीला ओरखडा पडला की झुलणं बिघडलं. ते आता दुरुस्त होणार नाही, नवीन घ्या. टाचणी चालते ती जुन्या पद्धतीच्या, गोळीत भोक असलेल्या नोझलला. तिथेही साफसफाईपेक्षा गोळीची दिशा वळवण्यासाठी.

दुसरी बाजू आधीपासूनच बंद होती, तेव्हा तिथली नळी टी जॉइंटवरून निसटली आहे का तेही बघा. पुण्यात बांधकामांची सिमेंटमिश्रित धूळ बोनेटवर बसते आणि नोझलच्या तोंडात पाण्याशी घट्ट होते. गाडी धुताना तिथे एकदा ओल्या ब्रशचा हात फिरवायची सवय ठेवा.

चिपळूण : मोटर फिरते, पण काचेवर थेंब नाही. गाडी आठवडाभर उभी होती.

दांडी ओढा आणि वाकून गाडीखाली बघा. जमिनीवर पाणी पडत असेल तर उंदीर. पावसाळ्यात कोरड्या, उबदार जागेसाठी ते बोनेटखाली मुक्काम ठोकतात आणि बारीक नळ्या कुरतडतात. कुरतडलेला तुकडा कापून मध्ये जॉइंटर, म्हणजे दोन टोकं जोडणारा तुकडा, टाका. सलाईनची नळी घालून देणारे बहाद्दर हायवेवर भेटतात. घरी पोहोचेपर्यंत ती ठीक, पण इंजिनच्या उष्णतेने मऊ पडून चपटी होते. जमिनीवर पाणी पडत नसेल तर टाकी भरलेली आहे का ते बघा. हसू नका, दहात दोनदा तेच निघतं. आणि रिकाम्या टाकीवर मोटर घरघरवत ठेवू नका. पाणीच तिला थंड ठेवतं.

कराड : हायवेवर ऐंशीच्या पुढे फवारा काचेच्या खालच्या कडेलाच पडतो. शिवाय दांडी ओढल्यावर दोन-तीन सेकंदांनी पाणी येतं, तोवर वायपर कोरडा फिरून काच घासतो.

दोन वेगळे दोष आहेत. वेगात समोरून येणारा वारा धारेला खाली दाबतो. म्हणून उभ्या गाडीत धार वायपर फिरतो त्या भागाच्या वरच्या अर्ध्यात पडेल अशी लावायची. नवख्याला ती उंच वाटते, पण वेगात मधोमध येते. छपरावरून मात्र जाऊ देऊ नका, मागच्या दुचाकीवाल्याला आंघोळ घडेल.

उशीर होतोय तो झडपेमुळे. टाकी खाली, नोझल वर; थांबलं की नळीतलं पाणी परत टाकीत उतरतं. ते अडवायला नळीत अंगठ्याच्या पेराएवढी एकतर्फी झडप असते. तिच्यात कचरा बसला की दर वेळी नळी नव्याने भरावी लागते. झडप स्वस्त मिळते, तिच्यावर पाण्याच्या दिशेचा बाण असतो. बाण उलटा लागला तर पुढे थेंबही जाणार नाही आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल.

उसाच्या हंगामात तुमच्या भागात काचेवर धूळ, पाचटाचा भुगा आणि संध्याकाळी किडे असा थर जमतो. त्यावर कोरडा वायपर म्हणजे सँडपेपर.

नाशिक : मागच्या काचेचं पाणी बंद आहे आणि डिकीजवळ छताचं कापड ओलं होतं.

छतातून मागे जाणारी नळी डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी घडीत तुटली आहे. डिकी हजार वेळा उघडते, मिटते. नळी तिथेच थकते. ती दुरुस्त होईपर्यंत मागचं पाणी अजिबात मारू नका, शेजारून दिव्यांच्या वायरी जातात. तुटलेल्या जागी मत्स्यालयाच्या दुकानातला छोटा जॉइंटर बहुतेकदा बरोबर बसतो.

याच प्रकारातली एक गंमत सांगतो. अनेक हॅचबॅकमध्ये पुढे-मागे मिळून एकच पंप असतो. मोटर एका दिशेने फिरली की पुढे पाणी, उलटी फिरली की मागे. पंपातला पातळ पडदा फाटला की पुढची दांडी ओढल्यावर मागूनही पाणी झिरपतं. असं दिसलं तर पंप बदला, तिथे मी आड येणार नाही.

सोलापूर : पाण्यात भांड्यांचा साबण टाकला तर चालेल का? टाकीला वासही येतो.

नको. फेस होतो, काचेवर वाळून पट्टे उमटतात आणि बोनेटच्या रंगावरचं वॅक्स उतरतं. गाडीच्या काचेसाठी मिळणारं स्क्रीनवॉश सांगितलेल्या प्रमाणात घाला.

वासाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. महिनोन्महिने साठलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात आणि फवाऱ्याचे सूक्ष्म थेंब एसीच्या हवेबरोबर आत येऊ शकतात. इंग्लंड-वेल्समधल्या संशोधकांना 2010 मध्ये असं आढळलं, की टाकीत स्क्रीनवॉश न घालता नुसतं पाणी वापरणाऱ्यांना लिजनेअर्स डिसीज या न्यूमोनियाचा धोका जास्त होता. ते तर थंड देश. सोलापूरच्या मे महिन्यात ती टाकी म्हणजे जंतूंसाठी ऊबदार पाळणाच. टाकी रिकामी करा, दोनदा विसळा आणि नव्याने भरा.

टोरांटो : पुण्याच्या सवयीने टाकीत पाणी भरलं होतं. पहिल्या थंडीत गोठलं. दांडी ओढली तर फ्यूज उडाला.

बर्फात पंपाचं पातं अडकलं, मोटरने जास्त करंट ओढला आणि फ्यूजने प्राण देऊन तिला वाचवलं. गाडी काही तास उबदार गॅरेजमध्ये ठेवा. नोझलवर उकळतं पाणी ओतू नका, थंड काचेवर सांडलं तर तडा जाईल. बर्फ वितळला की टाकीला चीर गेलीय का बघा, मग त्याच अँपिअरचा फ्यूज घाला, मोठा नको. तिथे दुकानांत उणे 40 पर्यंत न गोठणारं द्रव मिळतं, तेच भरा. त्यात बहुधा मेथॅनॉल असतं आणि ते विषारी आहे. निळ्या सरबतासारखं दिसतं, म्हणून मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

ठाणे : चुकून स्क्रीनवॉश कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीत ओतलं. आता?

गाडी चालू केली नसेल तर करू नका. तसाच फोन करून मेकॅनिकला बोलवा. टाकी उपसून, सिस्टिम धुऊन कूलंट नव्याने भरावं लागेल. इंजिन चालवून झालं असेल तर ते पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका. पुढच्या वेळी झाकणावरचं चित्र बघा: काच आणि तिच्यावर कारंजं असेल तेवढंच आपलं.