आधी खिडकीपाशी बस

चित्रण शिकायचं म्हणून लगेच नवा कॅमेरा घ्यायची घाई करू नकोस. आईला खिडकीशेजारी खुर्चीत बसव आणि मोबाइल काढ. स्क्रीनवर बोट दाबून धरून आधी एक्स्पोजर, म्हणजे चित्रात किती उजेड येणार ते, लॉक कर, नाहीतर मोबाइल स्वतःच्या मर्जीने उजेड कमीजास्त करत बसेल आणि तुला काही फरक कळायचा नाही.

चेहरा खिडकीकडे असला की आई मोकळी वाटते. खुर्ची काटकोनात वळव. अर्धा चेहरा अंधारात गेला, आणि तीच आई आता काहीतरी लपवतेय. त्या बाजूला पांढरा थर्माकोल धरलास की संशय निवळतो. (जुन्या मखरातला उरलेला असेल तर उत्तमच.)

सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' (१९५६) या चित्रपटाच्या वेळी छायालेखक सुब्रत मित्रांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. वाराणसीच्या घराचं अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलेलं, आणि उजेड मात्र हवा मोकळ्या आभाळाचा, मऊ. त्यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्यावर मारले. कापडावरून परतलेल्या उजेडात ठळक सावल्याच पडल्या नाहीत.

आणि हो, 'कॅमेरा खालून लावला की माणूस ताकदवान दिसतो' हे पाठांतर सोड. जमिनीवर बसून जेवणाऱ्या आजीला तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून टिपलंस तर ती ताकदवान वगैरे दिसत नाही. तू तिच्या पंगतीला बसलायस, एवढंच कळतं. तोच शॉट उभ्याने घे, म्हणजे बघ ती कशी एकटी पडते.

लेन्सचं नंतर बोलू.