उत्तर: फ्लॅशवर लॉगिंग सुरू केलं की पॅकेटं हरवतात

तुमची पोस्ट वाचताना आमचाच जुना वैताग कुणीतरी परत टाइप केलाय असं वाटलं. टेलॉसबी (बिनतारी सेन्सर नोडचा बोर्ड), फ्लॅश मेमरीवर नोंदी, मधूनच रेडिओवर येणारी सलग पॅकेटं गायब, त्यातल्या काहींचं अ‍ॅक (पॅकेट मिळाल्याची पोच) मात्र पाठवणाऱ्याकडे पोचलेलं. बोर्डवाले म्हणतात चॅनेल बदला, आणि तुम्ही विचारताय की आर्बिटरमध्ये (चिप्सना जोडणारी सामायिक बस, म्हणजे डेटाच्या तारा, कुणाला कधी द्यायची ते ठरवणारा भाग) रेडिओला प्राधान्य द्यावं का.

प्राधान्याने काही होणार नाही. टायनीओएसचा, म्हणजे या नोडवरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा, आर्बिटर कुणाच्या हातून बस काढून घेत नाही. रेडिओला रांगेत पहिला उभा केलात, तरी खिडकीवरचा माणूस हलत नसेल तर काय उपयोग?

तो माणूस म्हणजे फ्लॅशचा ड्रायव्हर. या बोर्डावर सीसी२४२० (रेडिओची चिप) आणि एम२५पी८० (फ्लॅशची चिप) एकाच एसपीआय बसवर आहेत. २५६ बाइटचं पान लिहायला काही मिलिसेकंद लागतात, ते खपून जातं. पण ६४ किलोबाइटचा सेक्टर पुसायला सेकंदभर जाऊ शकतो, डेटाशीटची कमाल मर्यादा ३ सेकंद आहे. खरं तर आदेश दिल्यावर पुसण्याचं काम चिप स्वतःच करते, बस लागतच नाही. आम्हाला बोर्डासोबत मिळालेला ड्रायव्हर मात्र बस धरून स्टेटस बिट (काम संपलं का ते सांगणारा) वाचत बसायचा. तेवढ्यात रेडिओचा १२८ बाइटचा रिसीव्ह बफर भरून वाहतो, आणि फ्लश (रिकामा) केल्याशिवाय नवं काही घेत नाही. (फ्लशचा आदेश दोनदा द्या, डेटाशीटमध्येच तसं आहे.)

आता अ‍ॅककडे बघा. हार्डवेअर अ‍ॅक चालू असेल तर सीआरसी (पॅकेट वाटेत बिघडलं नाही ना याची तपासणी) बरोबर दिसताच रेडिओची चिप ते परस्पर पाठवते, मग प्रोसेसरने पॅकेट वाचो न वाचो. म्हणजे अ‍ॅक आलेलं पॅकेट हवेत हरवलेलं नाही, ते बोर्डावर पोचून मेलंय. एवढी साधी गोष्ट त्या सपोर्टवाल्यांना (नाव घेत नाही) पटवता पटवता आमचा डिप्लॉयमेंटचा हंगाम गेला. चॅनेल बदला, अँटेना बदला, बॅटरी बदला. वायफायपासून लांब म्हणून चॅनेल २६ वर गेलो, फरक शून्य. ड्रायव्हरचा सोर्स मागितला तर गोपनीय म्हणे, आणि तिकीट बंद!

माझं मत: पुसण्याचा आदेश दिला की लगेच बस सोडा, टायमर लावा, मग बस परत मागून स्टेटस बघा. एररच्या वाटेवर रिलीज (बस सोडणं) राहून गेलंय का तेही तपासा, तिथे राहिलं तर नोड कायमचाच गप्प होतो. ग्रँटेडला (बस मिळताच) एक पिन वर, रिलीजला खाली, आणि लॉजिक अ‍ॅनलायझर (पिनांची चढउतार वेळेसकट दाखवणारं उपकरण) लावा. प्रिंटएफने (कोडमधून मजकूर छापून) शोधू नका, वेळाच बदलतात. अ‍ॅक तूर्त सॉफ्टवेअरवर न्या, टायनीओएसनेही खोट्या अ‍ॅकपायीच ते डिफॉल्ट केलंय.

हे फक्त टेलॉसबीच्या घराण्यापुरतं. रेडिओला वेगळी बस असलेल्या बोर्डाबद्दल माझं ऐकू नका. आणि ड्रायव्हर मिळतच नसेल तर स्वतः लिहा, आदेश मोजकेच आहेत. एवढं लक्षात ठेवा, पुसण्याआधी दर वेळी राइट एनेबल (चिपला बदल करू देण्याचा आदेश) द्या, नाहीतर चिप आदेश मुकाट्याने गिळते आणि तुम्ही पुन्हा बसला दोष देत बसाल.